मदत हवी आहे: पोकरमध्ये ३१० तास १-२ खेळलो, आता २-५ वर जाऊ का?

नमस्कार मंडळी,

लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष टेबलावर, नो-लिमिट होल्डेम पोकर खेळणाऱ्यांचा सल्ला हवाय. ऑनलाइनवाल्यांनीही जरूर लिहा, फक्त दोन-दोन लाख हँड्सचे (डावांचे) आलेख दाखवू नका. लाइव्हला तासाला पंचवीस-तीस हँड्स होतात, तेवढ्या खेळायला माझा जन्म जाईल.

माझी वही अशी आहे: १-२ वर (दर डावाआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या रकमा: स्मॉल ब्लाइंड १, बिग ब्लाइंड २) ३१० तास, ४३०० चिप्स वर. म्हणजे तासाला साधारण १४, बिग ब्लाइंडमध्ये सात. खेळासाठी वेगळे ठेवलेले ९५०० आहेत, पगाराला आणि घरखर्चाला हात लागत नाही. २-५ चा पूर्ण बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायच्या चिप्स) ५०० धरला तर १९ बाय-इन होतात. कुणी २० म्हणतं, कुणी ४०, त्यामुळे आकड्यांवरून काही ठरेना.

खरी अडचण पुढे आहे. गेल्या महिन्यात १-२ चं टेबल भरलेलं होतं म्हणून धीर करून २-५ वर बसलो. माझ्याकडे एक्का-राजा, २० ला रेझ केलं (बोली वाढवली), बटणावरच्या (सगळ्यात शेवटी खेळणाऱ्या जागेवरच्या) काकांनी कॉल केलं, म्हणजे तेवढेच लावले. फ्लॉप (सगळ्यांसाठी उघडलेले पहिले तीन पत्ते) राजा, नव्वी, चव्वी, तिन्ही वेगळ्या रंगांची. मी ३०, कॉल. टर्नला (चौथा पत्ता) दुर्री, मी ७०, कॉल. रिव्हरला (पाचवा, शेवटचा) सत्ती. पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, २४७. इथे १२० लावायचे हे मला झोपेतही कळतं. पण हात चिप्सवर गेला आणि डोक्यात आलं, ‘ही तर साडेआठ तासांची कमाई!’ चेक केलं, म्हणजे काहीच लावलं नाही. काकांनीही चेक केलं आणि राजा-दश्शी उलटी केली. पॉट मलाच मिळाला, तरी घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होतो.

तर प्रश्न हा की अशी भीती वाटत असताना वर जावं का? की अजून २०० तास १-२ वरच काढावेत? (घरी विचारलं तर ‘खेळायलाच जाऊ नकोस’ एवढंच उत्तर मिळतं, म्हणून इथे विचारतोय.)

प्रतिसाद १

आधी त्या ३१० तासांचं बघा. लाइव्ह १-२ ला एका तासाचं स्टँडर्ड डेव्हिएशन (निकाल सरासरीपासून किती वर-खाली होतो त्याचं माप) ढोबळमानाने ५० बिग ब्लाइंड धरा, म्हणजे १०० चिप्स. ते तासांच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणून ३१० तासांना सुमारे १७६०. त्याची दुप्पट ३५२०. नशिबाचा वाटा काढला तर तुमची खरी कमाई ७८० ते ७८२० यांच्यात कुठेही असू शकते. तुम्ही जिंकणारे आहात हे बऱ्यापैकी नक्की. तासाला अडीच की पंचवीस, ते वहीला अजून माहीत नाही, आणि आणखी २०० तासांनीही धड कळणार नाही. तेव्हा त्यासाठी थांबू नका.

तो डाव मात्र महत्त्वाचा आहे. १२० म्हणजे २४ बिग ब्लाइंड. १-२ वर तेच २४ बिग ब्लाइंड म्हणजे ४८ चिप्स झाले असते आणि तुम्ही डोळे मिटून लावले असते. टेबलावर बसल्यावर चिप्सचे तास करू नका. ही सवय सुटेना तर ९५०० काय आणि ३०,००० काय, २-५ वर तुम्ही पत्ते बघून खेळणार नाही, किंमत बघून खेळाल.

मी जाताना असं केलं होतं: तीन बाय-इन बाजूला काढले, ते गेले की मुकाट्याने खाली. तुमचे १५०० गेले तरी ८००० उरतात, १-२ साठी ते २०० चे ४० बाय-इन. खाली येण्यात कमीपणा मानू नका. मी तीनदा आलो.

प्रतिसाद २

रेक (चालवणारे प्रत्येक पॉटमधून कापतात तो हिस्सा) बघितलात का? बऱ्याच ठिकाणी पॉटमागे कमाल मर्यादा असते आणि ती दोन्ही टेबलांना जवळपास सारखीच असते. मग बिग ब्लाइंडच्या हिशेबात २-५ ला रेक निम्म्याहून कमी पडतो. पण तिथे लोक हजार-दीड हजार घेऊन बसतात आणि स्ट्रॅडल (पत्ते बघण्याआधीच बिग ब्लाइंडच्या दुप्पट रक्कम) टाकतात. तुमचे ५०० अशा वेळी १० च्या हिशेबाने ५० बिग ब्लाइंडच असतात. मोठा स्टॅक (समोर चिप्सचा ढीग) असलेला आणि सारखा रेझ करणारा माणूस तुमच्या उजव्या हाताला येईल अशी जागा मागा. तशी जागा नसेल तर त्या दिवशी १-२.

धागाकर्ता

दोघांचे आभार. वर्गमुळाचं वाचून ४३०० चा माज उतरला, बरंच झालं. १५०० वेगळे काढतोय. वहीत ‘तासाला किती’ हा रकाना दर सत्रानंतर भरायचो, तो आता महिन्यातून एकदाच.

एक राहिलं: पहिल्याच सत्रात ५०० चे १२०० झाले तर उठायचं की बसून राहायचं? एवढा खोल स्टॅक घेऊन मी कधी खेळलेलोच नाही.