मदत हवी आहे : भाचीच्या नावाने बनावट इन्स्टाग्राम खातं

माझी भाची नववीत आहे. कुणीतरी तिच्या नावाने बनावट खातं काढून तिचे फोटो विकृत करून टाकलेत. वर्गातली मुलं खाली घाणेरडं लिहितात. पोरगी धड जेवत नाही, शाळेचं नाव काढलं की रडते. खातं रिपोर्ट केलंय; त्याआधी लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवलेत.

राष्ट्रीय सायबरक्राइम पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते, पण मग पुढे काय झालं ते कळत नाही. म्हणून मी नाव द्या म्हणतोय. ताईला बदनामीची भीती वाटते. बदनामी तिची का व्हावी?

कुणी अशी तक्रार केली आहे का? पोलीस ठाण्यातही जावं लागलं का? मुलीचं नाव गुप्त राहिलं का? शाळेला आधी सांगावं की नंतर?