शब्दचर्चा: मानणे, पाळणे, मोडणे (आणि इतिवृत्तात काय लिहू?)

बीविंग_चिटणीस

आमच्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे असतं. या वेळी एका क्रियापदावर गाडी अडली आहे.

झालं असं. 'घरकामाला येणाऱ्या व्यक्तींनी व पार्सलवाल्यांनी लिफ्ट वापरू नये' असा ठराव आला, हात वर झाले, मंजूर झाला. तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या बाई उठल्या. निवृत्त शिक्षिका आहेत, अख्खी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणते. म्हणाल्या, "हा ठराव मी मानत नाही. उद्या सकाळी आठला आमच्या मावशींना घेऊन मी स्वतः लिफ्टने वर येणार आहे. लिहून घ्या."

चेअरमन म्हणाले, "बाई, मानू नका, पण पाळा."

बाई म्हणाल्या, "पाळायला तो काय पोपट आहे?"

सभा हसली आणि पाण्याच्या टाकीच्या विषयावर गेली. मी वहीत 'ठराव मोडणार असे सांगितले' एवढंच लिहिलं. चेअरमनना ते वाक्य उघडंबोडकं वाटतं, त्यांना 'उल्लंघन करण्याचा इरादा व्यक्त केला' हवंय. बाईंचा रात्री मेसेज आला: 'कायदेभंग लिहा.' आता सांगा, हे सगळं एकच आहे की वेगवेगळं?

शेवग्याची_शेंग

पोपटाचं उत्तर फर्मास आहे, पण भाषेच्या बाजूने चेअरमन चुकलेले नाहीत. 'मानणे' आणि 'पाळणे' यांत मराठीने चांगली भिंत घातली आहे. देव मानतो, भूत मानत नाही, हार मानतो, मानलेला भाऊ असतो. सगळं मनातलं. पाळायचं ते मात्र अंगाने: पथ्य, वेळ, शब्द, मौन, सुतक. 'मी सुतक मानत नाही, पण आईसाठी पाळलं' हे वाक्य तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी कधी ना कधी म्हटलं असेल.

आणि 'बंद पाळणे' बघा. 'शहरात कडकडीत बंद पाळण्यात आला' असं छापून येतं. बंद हा कोणाचा कायदा? कोणाचाच नाही. शटर ओढणाऱ्यांपैकी किती जणांना तो मान्य होता आणि किती जणांना काचेवर दगड नको होता, हे 'पाळणे' विचारतच नाही. मनात काय आहे याच्याशी त्या क्रियापदाला देणंघेणं नाही.

पेठेतला

२०१९ च्या जानेवारीत पुण्यात पोलिसांनी हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू केली तेव्हा विरोधात मोर्चा निघाला होता. मी गेलो होतो. हेल्मेट घालून गेलो होतो, कारण पावती फाडून घ्यायची नव्हती. तेव्हा मानत नाही पण पाळतो या पंथाचा मी जुना सभासद.

शब्दाबद्दल एक निरीक्षण. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि हेल्मेट त्याच्या कलम १२९ मध्ये आहे. पण पुण्यात कोणाच्या तोंडी 'हेल्मेटचा कायदा' ऐकलंय? नाही. 'हेल्मेटसक्ती'. न पटणाऱ्या नियमाला आपण 'सक्ती' चिकटवतो, पटणाऱ्याला 'बंदी'. गुटखाबंदी, प्लास्टिकबंदी.

दूरस्थ

नोटबंदी?

पेठेतला

बरं, अपवाद.

कोर्टाची_पायरी

माझा दिवस कायद्याच्या मजकुराचं भाषांतर करण्यात जातो, त्यामुळे जरा लांब लिहितो.

'उल्लंघन' म्हणजे ओलांडणं. ओलांडलेली रेघ जागेवरच राहते, तुम्ही फक्त पलीकडे जाता. शब्दाला मुळात पापाचा वास नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करतो ते सोनं लुटायला. 'भंग' म्हणजे वस्तूच मोडते: वचनभंग, व्रतभंग, शांतताभंग, हक्कभंग. 'मोडणे' हे त्याचंच घरगुती रूप, पण जास्त गमतीचं. लग्न मोडतं, सौदा मोडतो, अडचणीत दागिना मोडतात, आणि दुकानदाराकडे आपण 'मोड आहे का' विचारतो. (कायदा 'तोडला' मात्र लिहू नका, ती हिंदीची सावली. सिग्नल तोडतात हे मान्य, त्याचं कारण मला सापडलेलं नाही.)

तिसरा शब्द 'अवज्ञा'. कोविडमध्ये भारतीय दंड संहितेच्या ज्या कलम १८८ खाली लोकांवर धडाधड गुन्हे दाखल झाले, ते लोकसेवकाच्या आदेशाची अवज्ञा केल्याबद्दलचं. आता ते भारतीय न्याय संहितेत २२३ झालंय. हिंदीवाले १९३० च्या चळवळीला 'सविनय अवज्ञा' म्हणतात, गुजरातीत 'कानूनभंग', आपल्याकडे 'कायदेभंग'. फरक छोटा नाही. अवज्ञा माणसाची होते, साहेबाचं ऐकलं नाही अशी. भंग कायद्याचा होतो, त्यात साहेब मधे येत नाही.

आता 'कायदा'. अरबी शब्द, मूळ अर्थ पाया, बैठक. हिंदीत 'कायदे से' म्हणजे रीतसर; law ला तिथे 'कानून'. मराठीने कायदा उचलला आणि त्याला संस्कृत 'भंग' जोडून टाकला, कोणाची परवानगी न घेता. भाषाशुद्धीच्या चळवळीत सावरकरांनी कायद्याला 'निर्बंध' सुचवला होता. तो रुजला असता तर आज प्रत्येक कायदा कानाला बेडीसारखा वाजला असता. रुजला नाही, पण शब्द वाया गेला नाही: 'निर्बंध शिथिल' हे आपण दोन वर्षं रोज वाचलं.

शेवग्याची_शेंग

वरती एक रोमन शब्द सांडलाय तुमच्याकडून. भाषांतरकाराकडून!

कोर्टाची_पायरी

हाताची सवय. 'विधी' वाचावे. पण मग लोक लग्नाचे विधी समजतात.

उरणकर

आमच्याकडे चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसं गेली. दर वर्षी त्या दिवशी हुतात्मा स्तंभाशी कार्यक्रम असतो. लहानपणापासून भाषणं ऐकतोय. 'कायदेभंग' हा शब्द पाहुण्यांच्या तोंडी. आमचे म्हातारे 'जंगलचा कायदा मोडला' असंच म्हणायचे. त्या मोडण्यात हातात कोयता आहे, भंगात नाही. चिटणीससाहेब, तुमचं मूळ वाक्य ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या इकडं समुद्र कुठून आणाव? मीठ नाही, तर मिठाचा कायदा मोडाव कसा? म्हणून लोकनायक बापूजी अण्यांनी १० जुलै १९३० ला पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापलं. गवत! त्याची किंमत काय असंल दोन पेंढ्यांची? पण सांगून, तारीख देऊन, पोलिसांच्या पुढ्यात कापलं. तेच गवत रात्री गुपचूप कापून आणलं असतं तर त्याला चोरी म्हणतात. आमच्या भागात अशी चोरी त्याच्या आधीही होत होती अन् नंतरही झाली असंल, तिचं स्मारक नाही.

म्हणून माझ्या मते यादीत एक क्रियापद राहिलं: चुकवणे. कर चुकवतात, तिकीट चुकवतात, नजर चुकवतात. चुकवणाऱ्याचं कायद्याशी भांडण नसतंच. बाकीच्यांनी तो पाळावा अशी त्याची उलट इच्छा असते, नाहीतर चुकवून फायदा काय?

पेठेतला

हे मला टोचलं. पण बरोबर आहे. चौकात पोलीस नसेल तर मी हेल्मेट आरशाला अडकवतो. ते 'चुकवणे'.

संथ_इंद्रायणी

'सविनय' कडे कोणी बघेल का? लोक त्याचा अर्थ 'नम्रपणे' असा घेतात, जणू हात जोडून कायदा मोडायचा. आणि वर्तमानपत्रात 'विनयभंग' वेगळ्याच गुन्ह्यासाठी, त्यामुळे शाळेत पोरं या धड्याला हसतात. मी शिकवते, दर वर्षी हसतात. पण विनय म्हणजे शिस्त, वळण. भिक्खूंच्या आचारनियमांचा ग्रंथ विनयपिटक आहे. म्हणजे सविनय कायदेभंग हा शिस्तीत केलेला भंग: काय मोडणार ते आधी सांगायचं, तेवढंच मोडायचं, पळायचं नाही, शिक्षा घ्यायची. १९२२ मध्ये अहमदाबादला राजद्रोहाच्या खटल्यात गांधींनी गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाकडे जास्तीत जास्त शिक्षा मागितली. सहा वर्षं मिळाली.

अशा माणसाने कायदा मानला नाही असं म्हणवत नाही. तो कायदा मानला नाही, पण कायदा नावाची गोष्ट मानली. मराठीत याला वेगळं क्रियापद नाही, हे खरं आपलं दारिद्र्य.

चवदार

मग महाडचं काय म्हणाल? तिथे शब्द उलटेपालटे होतात.

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घेतलं, तो कायदेभंग नव्हताच. समाजसुधारक सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं, कागदावर. बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी कायदा वापरला. मोडली ती रूढी. कायदा चुकवत होते ते समोरचे.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. आता विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. हजारो माणसं जमली होती, हुकूम मोडून तुरुंगात जायची पुष्कळांची तयारी होती. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. आणि मनाईहुकूम? तो पाळला. सत्याग्रह तहकूब केला, तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. दावा चालत राहिला आणि उच्च न्यायालयातून १९३७ मध्ये निकाल बाजूने लागला.

एकाच मांडवात एक कायदा जाळला आणि एक पाळला. शेवग्याची शेंग यांनी घातलेली भिंत मला इथे सगळ्यात नीट दिसते. मनाईहुकूम न्याय्य आहे असं त्या मांडवात कोणीही मानत नव्हतं. पण कोर्ट हे उद्या आपल्यालाच लागणार आहे, हा हिशेब पाळण्यामागे होता असं मी समजतो. मनुस्मृतीच्या बाबतीत असा हिशेब करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत ते म्हणाले की सनदशीर मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण. व्याकरण! शब्दचर्चेच्या धाग्यावर हे यायलाच हवं होतं.

संथ_इंद्रायणी

'सनदशीर' हा 'कायदेशीर'चाच भाऊ. सनदेला धरून ते सनदशीर. हल्ली फक्त कलेक्टरला द्यायच्या निवेदनात उरलाय: 'अन्यथा सनदशीर मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.'

कोर्टाची_पायरी

चवदार यांच्या धाग्यावरून बाईंच्या प्रकरणाकडे. सोसायटीचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. वर १९६० चा सहकारी संस्था अधिनियम, मग नियम, मग उपविधी, मग सभेचा ठराव. ठराव उपविधींच्या बाहेर जात असेल तर उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. सनदशीर दार उघडं आहे. तेव्हा 'कायदेभंग' हा शब्द इथे अंगापेक्षा बोंगा मोठा.

वऱ्हाडी_ठेचा

उपनिबंधकाचं उत्तर येईपर्यंत मावशीनं चार मजले चढायचे काय? महाडला तहकूब करणारे स्वतः तहानलेले होते, त्यांचा तो अधिकार होता. इथं हात वर करणारे सगळे लिफ्टनं घरी गेले.

दूरस्थ

एक राहिलं. कायदा तंतोतंत पाळूनही विरोध करता येतो: 'नियमानुसार काम' आंदोलन. नियमाचं पुस्तक उघडून प्रत्येक ओळ पाळायची, की कामकाज ठप्प. आणि काही कायदे मोडायचीही गरज पडत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो. किती जणांकडे आहे, हात वर करू नका.

बीविंग_चिटणीस

सर्वांचे आभार (मानतो, पाळत नाही).

मी असं लिहिलं: 'सदर ठराव आपणास मान्य नसून तो आपण उघडपणे मोडणार असल्याचे त्यांनी सभेस सांगितले.' 'उघडपणे' हा शब्द वऱ्हाडी ठेचा यांचा. बाईंनी वाचला, 'सदर' खोडायला लावलं, बाकी ठेवलं. उपनिबंधकांना पत्र त्यांनी त्याच दिवशी टाकलं होतं, मला माहीत नव्हतं.

आठ वाजता त्या मावशींना घेऊन लिफ्टने वर गेल्याही. मावशींनी मला खाली विचारलं, "दादा, बाईंना दंड बसंल का?" मी वही पाहिली. ठरावात दंडाचा उल्लेखच नाही. हे बाईंना सांगितलं तर त्या नाराज झाल्या. म्हणतात, शिक्षा नसेल तर माझा भंग अर्धवट राहतो. रक्कम ठरवा, मी भरते, पावती द्या.

चेअरमन म्हणतात त्यासाठी पुन्हा सभा बोलवावी लागेल. नोटिशीचा मसुदा माझ्याकडेच आलाय. त्यांना 'दंड' नको, 'सुविधा शुल्क' हवंय. त्याचा धागा उद्या काढतो.