स्मृतीच्या शिबिरात वाटेची चाचणी घ्यावी की शब्दांची?

पळसपान
साठीपुढच्या माणसांची स्मृती तपासायला गावात गेलं की तेच प्रश्न निघतात: आज तारीख काय, हे वाक्य वाचा, हे दोन पंचकोन पाहून काढा. ज्या हाताने जन्मभर विळा धरला, त्याचे गुण पंचकोनातच कापले जातात. तारीख न सांगणारी आजी वैशाख चालू आहे हे बरोबर सांगते, पण तक्त्यात तिला शून्य.

माझं म्हणणं, वाट विचारा. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा एक भाग, कानाच्या पातळीवर मेंदूत आत, दोन्ही बाजूंना एकेक असतो. नवी आठवण बसवणं आणि जागेचा नकाशा धरणं, ही दोन्ही कामं त्याची. 1971 मध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या याच भागात जागा ओळखणाऱ्या पेशी सापडल्या. प्राणी ठरावीक ठिकाणी आला की ठरावीक पेशी चालू होते. 2005 मध्ये मोझर दांपत्याला शेजारच्या एन्टोरायनल पट्ट्यात जाळीसारखं अंतर मोजणाऱ्या पेशी दिसल्या. 2014 चं नोबेल तिघांना मिळालं. अल्झायमर या स्मृती जाण्याच्या आजाराची झीज बहुधा याच पट्ट्यातून सुरू होते. मग 'बाबा वावरातून एकटे घरी येतात का?' हा प्रश्न पंचकोनापेक्षा बरा नाही का?

कोरडवाहू
नाही ना भाऊ, हाच प्रश्न सगळ्यात जास्त फसवतो. जुनी वाट हिप्पोकॅम्पसवर अवलंबून राहत नाही. 1999 मध्ये ई. पी. या आद्याक्षरांच्या रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूज्वरात त्याचे दोन्ही हिप्पोकॅम्पस जवळपास नष्ट झाले होते. पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या गावातले रस्ते तो अचूक सांगायचा, नेहमीची वाट बंद असेल तर पर्यायी वाटसुद्धा सांगायचा. आजार झाल्यानंतर ज्या वस्तीत राहायला आला, तिथलं मात्र काहीच बसलं नाही.

2006 मध्ये लंडनच्या एका टॅक्सीचालकाचंही असंच दिसलं. दोन्हीकडचे हिप्पोकॅम्पस खराब, तरी मोठ्या रस्त्यांवर ठीक. आतल्या गल्ल्यांत शिरला की हरवायचा. आपल्याकडे सांगायचं तर डांबरी रस्ता पाठ, पांदण सुटली.

वावर-घर ही वाट चाळीस वर्षांची. ती येते म्हणून 'डोकं शाबूत' असा शिक्का मारला, तर सुरुवातीचा रुग्ण हमखास निसटणार.

पळसपान
मान्य. मग वाट नवी द्या. शाळेच्या पटांगणात सहा एकसारख्या टोपल्या वर्तुळात सारख्या अंतरावर पालथ्या ठेवा. केंद्रापासून प्रत्येक टोपली चार पावलांवर. बाहेर दिसणाऱ्या ठळक खुणा किमान तीन हव्यात: कडुनिंब, हापशी, शाळेचं फाटक. एका टोपलीखाली वस्तू ठेवा, माणसाला दाखवा, उत्तरेकडून आत नेऊन दोनदा उचलायला लावा. मग वीस मिनिटं चहापाणी. नंतर फिरवून दक्षिणेकडून आत सोडा.

चूक कुठली होते ते इथे बघायचं. 'डाव्या हाताची दुसरी' अशी शरीराची सवय लक्षात राहिली असेल, तर माणूस बरोबर टोपलीच्या थेट समोरासमोरची टोपली उचलतो. खुणांवरून नकाशा बसला असेल तर बरोबर पोचतो. सवयीचं काम कॉडेट नावाच्या दुसऱ्या भागाकडे असतं, तो बराच काळ टिकतो. म्हणून बाजू बदलणं गाळलं तर बाकी सगळी मेहनत फुकट.

काय बिघडतं तेही लिहितो. मातीवर पावलांचे ठसे राहतात, प्रत्येक वेळी झाडून घ्या. एखाद्या टोपलीची काडी निघालेली असली की तीच खूण होते. वस्तू कुठे आहे हे सोबतच्या माणसाला ठाऊक असलं तर त्याची नजर तिकडे जातेच, त्याला पाठमोरं उभं करा. आणि अकराच्या आत आटपा. मे महिन्यात दुपारी पटांगणावर कोणाचंच डोकं चालत नाही.

सांबारवडी
पळसपान भाऊ, सहातली एक टोपली अंदाजानेही लागते. दरवेळी वस्तूची जागा बदलून तीन फेऱ्या घेतल्या, तरी नुसत्या अंदाजावर तीनपैकी दोन किंवा जास्त बरोबर यायची शक्यता 216 मध्ये 16, म्हणजे शंभरात सात. एका माणसाला तीन फेऱ्यांत दीड तास जाणार. दिवसभरात किती होतील?

शब्दांची चाचणी अंगणात बसून दहा मिनिटांत होते, आणि अक्षर लागत नाही. पाच शब्द, पाच वेगळ्या जातींचे: भाजी, फळ, जनावर, अवजार, भांडं. तीनदा ऐकवायचे, म्हणवून घ्यायचे. पाच मिनिटं दुसऱ्या गप्पा, मग विचारायचे. सुटलेल्या शब्दाला इशारा द्यायचा: 'एक भाजी होती ना?' इशाऱ्याने आठवलं तर आठवण आत बसली होती, बाहेर निघत नव्हती. उदासी, थायरॉइड, झोप न होणं याकडे बघा. इशारा देऊनही कोरंच राहिलं तर बसलीच नाही, ते हिप्पोकॅम्पस बिघडल्याचं लक्षण.

शब्द मात्र इथले हवेत. पुण्याच्या तक्त्यात कोथिंबीर आणि पेरू असतात. आपल्या विदर्भातल्या आजीला त्यांनाच सांबार आणि जाम म्हणा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्याला मराठी शब्द देऊन नापास करणं हा सरळ अन्याय आहे.

हापशी
तुमच्या दोघांच्याही आधी दोन गोष्टी करा जी. मोतीबिंदू आणि कान बघा. कडुनिंब दिसला नाही तर टोपली चुकणार, 'जाम' ऐकूच आला नाही तर शब्द चुकणार. आणि घरच्यांना विचारा, हे कधीपासून? दोन-तीन दिवसांत अचानक बरळायला लागले असतील तर कसलीच चाचणी नको, त्याच दिवशी दवाखाना. ताप, लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, सर्दीच्या किंवा झोपेच्या नव्या गोळ्या, यातलं काहीही असू शकतं. हळूहळू वाढलं असेल तरी बी-12 जीवनसत्त्वाची तपासणी सोडू नका.

कोरडवाहू
सांबारवडी ताई, छाननीला तुमचेच शब्द घ्या, इशाऱ्यासकट. टोपल्या फक्त ज्यांचे शब्द सुटले त्यांच्यासाठी. पण भाऊ, टोपलीच्या चाचणीला अजून पास-नापासची रेषा ठरलेली नाही. गावातल्या निरोगी म्हाताऱ्यांवर आधी घेतल्याशिवाय कोणाला 'आजारी' म्हणू नका.

घरच्यांना विचारायचा प्रश्न मात्र आजपासून बदला. वावर सोडा. घरकुल बांधून नवीन घरात आले असतील तर विचारा: रात्री उठल्यावर संडासकडे जायला किती दिवस दाखवावं लागलं? अजून लागतं का? लेकीच्या गावी महिनाभर राहून आले असतील तर तिथली हापशी कुठे, हे त्यांना कळलं होतं का?

पळसपान
हे तक्त्यात पहिल्या ओळीत टाकतो. पंचकोन काढले.