मदत हवी आहे : रानात पाणी साचल्यावर सोयाबीन पिवळे का पडते, हे दहावीच्या वर्गाला कसे समजावावे?

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. वर्गातील बहुतेक मुलामुलींच्या घरी सोयाबीन आहे. पेशीतील श्वसन आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) हा भाग शिकवून झाला, तेव्हा एका मुलीने विचारले, "मॅडम, रानात पाणी आहे, खत टाकलंय, आता ऊनही पडलंय, मग आमचं सोयाबीन पिवळं का पडलंय?" प्रश्न रास्त आहे आणि अर्ध्यामुर्ध्या उत्तरावर त्याची बोळवण करू नये, असे मला मनापासून वाटते.

झड उघडल्यावर मी मुलांना शाळेलगतच्या रानात नेले. सखल भागात, जिथे जमीन चिबडली होती, तिथल्या झाडांची खालची पाने आधी पिवळी पडली होती. मुळांवरच्या गाठी ब्लेडने कापल्या, तर आतून राखाडी-हिरवट निघाल्या. चढाच्या बाजूच्या झाडांच्या गाठी मात्र लालसर गुलाबी होत्या, इतक्या की बोटांना रंग लागला. मुले थक्क झाली आणि मग त्यांचे प्रश्न थांबेनात.

मला पुढील गोष्टींत मदत हवी आहे. पहिली, मुळांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो हे ठीक, पण तो न मिळाल्याने झाड उपाशी का राहते? दुसरी, गाठीतील नत्र स्थिर करणारे विकर ऑक्सिजनने निकामी होते असे मी वाचले आहे, मग ऑक्सिजन कमी झाल्यावर गाठी अधिक जोमाने चालायला हव्यात, त्या मरगळतात का? तिसरी, गाठीतले जीवाणू हे बाहेरून शिरलेले जीव आहेत, तर झाडाची प्रतिकारशक्ती त्यांना हुसकावून का लावत नाही?

प्रतिसाद

पहिल्या दोन प्रश्नांबद्दल लिहितो, कारण वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय आहे.

मातीच्या कणांमधील पोकळ्यांत एरवी हवा असते. त्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजनची वाट जवळजवळ बंद होते, कारण पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट कमी असतो. उरलासुरला ऑक्सिजन मुळे आणि मातीतील सूक्ष्मजीव लवकरच संपवतात. त्यानंतर मूळ किण्वनावर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय ऊर्जा मिळवण्यावर येते. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून जुन्या हिशेबाप्रमाणे ३८ आणि आताच्या मोजणीप्रमाणे साधारण ३० ते ३२ एटीपी मिळतात, तर किण्वनात फक्त २ मिळतात.

आता उपासमारीचे कारण. मुळाच्या पेशीत नायट्रेट (मुळे नत्र ज्या रूपात घेतात ते) बहुधा बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक असते, त्यामुळे ते आपणहून आत येत नाही. पेशीपटलावरील प्रथिनांचे पंप एटीपी खर्चून हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतात आणि ते आयन परत आत येताना नायट्रेटला सोबत आणतात. एटीपी आटले की पंप मंदावतात. म्हणजे खत मुळाशी असले तरी ते उचलण्याची ताकद मुळात उरत नाही. वर्गात नेमके हेच सांगावे, कारण मुले खनिजांचे शोषण हे फडक्याने पाणी शोषावे तसे समजतात. शिवाय ऑक्सिजनअभावी पेशीतला द्रव आम्लधर्मी होतो आणि पाणी आत घेणारे सूक्ष्म मार्गही मिटतात. त्यामुळे गुडघाभर पाण्यातले झाड दुपारी मान टाकते, हे मुलांनी पाहिलेच असेल.

"झाडे फक्त रात्री श्वास घेतात" ही समजूतही या निमित्ताने जरूर खोडून काढा. मुळांना दिवस-रात्र सारखीच. पाने दिवसा ऑक्सिजन तयार करतात, पण भाताप्रमाणे तो मुळांपर्यंत नेणाऱ्या हवेच्या पुरेशा पोकळ्या सोयाबीनकडे नसतात.

गाठींचा पेच फार सुंदर आहे. नायट्रोजनेज हे विकर मोकळ्या ऑक्सिजनने निकामी होते हे खरे. परंतु नायट्रोजनचा एक रेणू अमोनियात बदलण्यासाठी १६ एटीपी लागतात, आणि इतके एटीपी जीवाणूंना ऑक्सिजनवरच्या श्वसनाशिवाय मिळत नाहीत. म्हणजे ऑक्सिजन भरपूर पुरवायचा, पण मोकळा फिरू द्यायचा नाही. हे काम लेगहिमोग्लोबिन करते. ते आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या नात्यातले, लोहयुक्त प्रथिन आहे. ते ऑक्सिजनला घट्ट धरून जीवाणूंपर्यंत पोहोचवते. मुलांच्या बोटांना लागलेला रंग त्याचाच. पाणी साचल्यावर पुरवठाच तुटतो, जीवाणूंचे श्वसन मंदावते, नत्र स्थिर होणे थांबते आणि पुढे लेगहिमोग्लोबिन विघटित होऊन गाठ हिरवट पडते. शेंगा भरण्याच्या अवस्थेत गाठी वयानेही हिरवट होतात, म्हणून तुलना एकाच वयाच्या झाडांची करावी.

धागाकर्ती

मनापासून आभार. सरांच्या उत्तराने पहिले दोन प्रश्न पूर्ण सुटले. एक निरीक्षण लिहायचे राहिले. त्याच रानाच्या चुनखडीच्या पट्ट्यात काही झाडांची शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत. हे कारण वेगळे आहे का?

प्रतिसाद

होय ताई, वेगळे आहे. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून कोवळ्या पानांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह असे सहज हलत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याला दिसते. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण विरघळलेल्या रूपात अत्यल्प. त्यात जमीन चिंब झाली की बायकार्बोनेट वाढते आणि लोह घेणे आणखी अवघड होते. आमच्याकडे अशा वेळी हिराकस (फेरस सल्फेट) किंवा चिलेटेड लोहाची फवारणी करतात, पण आधी चर काढून पाणी बाहेर काढावे आणि वापसा येताच कोळपणी करावी. साचलेल्या पाण्यात युरिया फेकण्यात काही अर्थ नाही, मूळच बंद आहे. अशा मातीतले नायट्रेट सूक्ष्मजीव वायुरूप नायट्रोजनमध्ये बदलून हवेत घालवतात, तेही नुकसान वेगळेच.

एखाद्या झाडाच्या पानांवर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील, तर तो पिवळा मोझॅक समजावा. तो पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणूजन्य रोग आहे. ते झाड उपटून नष्ट करणेच बरे.

प्रतिसाद

तिसरा प्रश्न अजून शिल्लक आहे, तो मी घेते.

झाडाला रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत आणि प्रतिपिंडेही नाहीत. त्याच्या प्रत्येक पेशीला आपला बचाव आपणच करावा लागतो. पेशीपटलावरील ग्राही प्रथिने परक्या जीवांच्या खुणा ओळखतात. बुरशीच्या भिंतीतील कायटिन ही तशीच एक खूण. ती ओळखली की भिंत जाड करणे, विषारी रसायने सोडणे, वेळ आली तर लागण झालेली पेशी स्वतःच मरून रोगाची वाट अडवणे, अशी पावले उचलली जातात.

रायझोबियम गटातील जीवाणूंशी मात्र आधी बोलणी होतात. सोयाबीनचे मूळ फ्लॅव्होनॉइड गटातील द्रव्ये सोडते आणि ती ओळखून योग्य जीवाणू 'नॉड घटक' नावाचा रासायनिक संदेश पाठवतात. या घटकाचा कणा कायटिनसारखाच असतो, आणि त्याला ओळखणारी ग्राही प्रथिने कायटिन ओळखणाऱ्यांच्याच कुळातली आहेत. शत्रूला हेरणाऱ्या घराण्यातीलच एक शाखा मित्राला दार उघडते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. दार उघडले तरी पहारा सुटत नाही. सोयाबीनवरील एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, गाठींभोवतीच्या हवेतील नायट्रोजनच्या जागी आर्गॉन भरून जीवाणूंना नत्र स्थिर करता येणार नाही अशी व्यवस्था केली होती. अशा गाठींतील जीवाणूंची वाढ घटली, आणि त्या गाठींचा ऑक्सिजन पुरवठा झाडाने कमी केल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे श्वसन, पोषण आणि प्रतिकार या तिन्हींची गाठ एकाच गाठीत पडते. हे तीन धडे वेगळे शिकवण्याऐवजी ती कापलेली गाठ हातात देऊनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

धागाकर्ती

आता वर्गात एक प्रयोग करावा असे वाटते. कसा मांडावा?

प्रतिसाद

एकाच मातीच्या दोन कुंड्या घ्या, बियाण्याला रायझोबियम जीवाणू संवर्धक लावून पेरा. महिनाभराने गाठी चांगल्या धरल्या की एका कुंडीचे तळाचे छिद्र बंद करून पाणी मातीच्या वर राहील असे भरा, दुसरीला एरवीसारखे पाणी द्या. कोणते पान आधी पिवळे होते, दुपारी कोणते झाड मान टाकते, याची नोंद मुलांनी रोज ठेवावी. नंतर दोन्ही झाडे मातीच्या गोळ्यासकट पाण्यात भिजवून मुळे मोकळी करा, ओढून काढू नका, नाहीतर गाठी मातीतच राहतील. गाठ कापल्याबरोबर रंग टिपून घ्यावा, कारण उघड्यावर तो लवकर तपकिरी होतो. ब्लेड मात्र तुमच्याच हातात असू द्या.