शरदातलं व्हिएन्ना, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार: अनुभव लिहा

व्हिएन्नासाठी बऱ्याच जणांच्या हाती एक वीकेंडच असतो, आणि तोही ऑक्टोबर-नोव्हेंबरातला. झाडं सोनेरी असतात, पण दिवस आखूड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि त्यानंतर सूर्य पावणेपाचच्या सुमारासच मावळतो. म्हणून उजेड बागांना आणि मनोऱ्यांना द्यावा, अंधार संग्रहालयांना. शुक्रवारी पोचणाऱ्यांसाठी आल्बर्टिना हे कलासंग्रहालय उत्तम, कारण बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं. मात्र चित्रकार ड्यूररचा १५०२ सालचा ससा बघायचा बेत असेल तर जपून! प्रकाशाने कागद खराब होतो म्हणून मूळ चित्र क्वचितच बाहेर काढतात; एरवी दिसते ती प्रतिकृती.

कुठे उतरायचं, किती वेळ लागतो, काय चुकतं, ते नेमकं लिहा. आलेली उत्तरं खाली.

*

विमानतळापासून सुरुवात करते. हिरवी कॅट गाडी १६ मिनिटांत शहरातल्या वीन मिटे स्टेशनाला पोचवते, पण तिचं तिकीट वेगळं आणि महाग. एस७ लोकल त्याच स्टेशनाला साधारण २५ मिनिटांत जाते आणि तिला साधं तिकीट चालतं. विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर असल्यामुळे नुसता शहराचा पास मात्र पुरत नाही, जादा टप्प्याचं तिकीट लागतं.

मेट्रोला फाटकं नाहीत, त्यामुळे नवखी माणसं सरळ आत जातात. कागदी तिकिटावर वेळ छापलेली नसेल तर मेट्रोच्या दाराशी किंवा ट्राममध्ये असलेल्या निळ्या पेटीत ते शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, आणि दंड जागच्या जागी.

*

कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमला, म्हणजे कलेतिहास संग्रहालयाला, तीन तास ठेवा; कमी वेळ असेल तर फक्त पहिला मजला. जाडजूड कोट आणि पाठीवरची सॅक क्लोकरूमला ठेवावी लागते, आणि थंडीत तिथेच रांग साचते. दहाला दार उघडतं तेव्हा हजर राहिलात तर ही रांग टळते.

वर जाताना मोठ्या जिन्यावर थांबा. खांबांच्या वर, कमानींच्या कोपऱ्यांत चित्रकार क्लिम्टने तरुणपणी, १८९०-९१ मध्ये, रंगवलेली चित्रं आहेत. ती इतकी उंचावर आहेत की छोटी दुर्बीण असेल तर सोन्याहून पिवळं.

मग थेट सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रूगेल याच्या दालनात. त्याची इतकी चित्रं जगात दुसरीकडे कुठेच एकत्र नाहीत. १५६५ च्या ऋतुमालिकेतली पाच चित्रं उरली आहेत, त्यांतली तीन इथे. सगळे ‘बर्फातले शिकारी’पुढे गर्दी करतात. शरदात आलेल्यांनी मात्र ‘गुरं परतताना’समोर बसावं: डोंगरावरून खाली हाकलेली जनावरं, पानं गळालेली झाडं, दाटून आलेलं आभाळ. बाहेरच्या बागेत तेव्हा जे रंग असतात तेच आत भिंतीवर दिसतात. या दालनाला अर्धा तास दिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

सोमवारची रजा जोडणार असाल तर लक्षात ठेवा, हे सोमवारी सहसा बंद असतं आणि चौकापलीकडचं निसर्गविज्ञान संग्रहालय मंगळवारी. विलेनडॉर्फची व्हीनस ही अश्मयुगीन मूर्ती त्या दुसऱ्यात आहे, इथे शोधू नका.

*

शॉनब्रुन या जुन्या राजमहालाची बाग फुकट आहे. तिकीट महालाचं, आणि त्यावर प्रवेशाची वेळ छापलेली असते. ती चुकली की पंचाईत. यू४ मेट्रोच्या स्टेशनापासून चालणं आणि सामान ठेवणं धरून अर्धा तास आधी पोचा. ऑक्टोबर सरताना कारंजी बंद होतात, त्यामुळे फोटोतलं पाणी दिसलं नाही तर हिरमुसू नका.

पामगृहासाठी पुढच्या हीटझिंग स्टेशनला उतरणं सोयीचं. १८८२ सालची ही लोखंड-काचेची इमारत १११ मीटर लांब आहे. बाहेरच्या थंडीतून उष्ण कटिबंधाच्या दालनात शिरताच चष्मा आणि लेन्स धुरकट होते. कॅमेरा दहा मिनिटं बॅगेतच ठेवा, हळूहळू ऊब लागू द्या. पुसत बसून उपयोग नाही.

*

शॉनब्रुनला जोड म्हणून बेल्वेडेअर, म्हणजे बागेने जोडलेले वरचा आणि खालचा असे दोन महाल. डी ट्रामने वरच्या महालापाशी उतरायचं, क्लिम्टचं ‘चुंबन’ बघायचं (इथेही वेळेचं तिकीट), मग बागेतून उतारावर चालत खालच्या महालाशी यायचं. उलट दिशेने गेलात तर तोच चढ होतो. खाली ७१ नंबरची ट्राम मिळते, ती थेट मध्यवर्ती दफनभूमीला नेते. दुसऱ्या फाटकाशी उतरा. ३२ए विभागात बेटहोवन, शुबर्ट, ब्राम्स या संगीतकारांच्या कबरी आहेत. मोझार्टचं तिथे फक्त स्मारक आहे. त्याला पुरलं ते सांक्ट मार्क्समध्ये. १ नोव्हेंबरला सगळं शहर मेणबत्त्या घेऊन येतं, तेव्हा ट्राम खच्चून भरतात.

*

शाकाहाऱ्यांसाठी: फ्रिटाटेनझुपे म्हणजे धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप. दिसायला निरुपद्रवी, पण रस्सा गोमांसाचा असतो. कॅझेश्पेट्झले (चीज घातलेले पिठाचे छोटे गोळे) घ्या, पण ‘श्पेक (डुकराचं खारवलेलं मांस) नको’ असं सांगूनच. रविवारी दुकानं बंद. हाउप्टबानहोफ या मुख्य रेल्वे स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात श्टुर्म मिळते, आंबत असलेला द्राक्षरस. वायूला वाट हवी म्हणून बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं. बाटली उभीच न्या, सामानात टाकू नका.

*

सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या. जिना अरुंद आणि चढ-उतार एकाच वाटेने. गुडघे कुरकुरत असतील तर उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे. उंची कमी, पण जागा उघडी आणि छताची रंगीत कौलं अगदी जवळ. दुपारी तीनच्या आत जा, नंतर खालच्या गल्ल्या सावलीत बुडतात.