मदत हवी आहे: किबोर्डच्या स्विचमध्ये जड स्प्रिंग टाकायच्या आहेत
नमस्कार मंडळी. माझ्या किबोर्डमध्ये चेरी कंपनीचे एमएक्स रेड स्विच आहेत, ४५ ग्रॅमचे, म्हणजे एवढ्या जोराने कळ दाबली की अक्षर उमटतं. इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत दिवसभर टायपिंग असतं आणि डावी करंगळी नुसती टेकली तरी नको तिथे ओकार उमटतो. फार वैताग येतो! त्याच कंपनीच्या एमएक्स ब्लॅक स्विचसारखा, म्हणजे ६० ग्रॅमचा जडपणा हवाय. पण वापरून गुळगुळीत झालेले स्टेम (स्विचमधले वर-खाली सरकणारे दांडे) सोडवत नाहीत, म्हणून फक्त स्प्रिंग बदलेन.

स्प्रिंगवर ६२, ६८ असे आकडे असतात. बरेच विक्रेते कळ तळाला टेकतानाचं वजन देतात. रेडचं ते मुळातच साठीच्या आसपास, मग ६२ने काय फरक पडणार? थेट ८० घेऊ का? बोटं दुखतील का?

लॅमिंग्टन रोडला सुट्या स्प्रिंग कुणाला मिळाल्यात का? आणि मुंबईच्या दमट हवेत सोन्याचा मुलामा असलेल्याच घ्याव्यात का? अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा.