बीएस्सी भूगोलनंतर एमएस्सी भूगोल की आयआयटीत जिऑलॉजी?

टोपोशीट_पुणे:
पुण्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मुख्य विषय भूगोल. पहिल्या वर्षी गणित, फिजिक्स होतं. जिऑलॉजी कधीच नव्हतं. पुढे नद्या आणि भूजल यांत काम करायचंय. विद्यापीठात एमएस्सी भूगोल करावं की जॅम (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटीत अप्लाइड जिऑलॉजीला जावं? क्लासवाले म्हणतात जॅमचा जिऑलॉजीचा पेपर कुणीही देऊ शकतो. शिवाय डेझर्टेशनचा (एमएस्सीच्या संशोधन प्रबंधाचा) विषय आत्तापासून ठरवावा का?

काळा_बेसाल्ट:
क्लासवाले खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगतात. पेपर कुणीही देऊ शकतो. प्रवेशाची पात्रता वेगळी. जॅमच्या माहितीपत्रकात प्रत्येक संस्थेच्या प्रत्येक कोर्सपुढे पदवीला कोणते विषय हवेत ते लिहिलेलं असतं. जिऑलॉजीच्या कोर्सपुढे बहुतेक ठिकाणी 'पदवीला जिऑलॉजी, किमान दोन वर्षं' अशा अर्थाची अट दिसेल. ती बसत नसेल तर रँक कितीही चांगला येवो, सीट मिळत नाही. म्हणून फी भरायच्या आधी तो तक्ता वाचा.

दुसरं, 'भूजल' हा शब्द जरा जपून वापरा. यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेत जिऑलॉजिस्ट आणि हायड्रोजिऑलॉजिस्टच्या (भूजलतज्ज्ञाच्या) पदांना जिऑलॉजी किंवा त्याच्या शाखांतली पदव्युत्तर पदवी लागते. एमएस्सी भूगोल त्यात बसत नाही. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, तिथल्या जुन्या जाहिरातींतली पात्रताही काढून बघा. विहिरीच्या पाण्यापेक्षा नदीच्या पात्रात जास्त रस असेल, तर मात्र भूरूपशास्त्र, म्हणजे डोंगर-दऱ्या-नद्यांच्या आकारांचा अभ्यास, हा भूगोलाचाच प्रांत. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात प्राध्यापक राहिलेल्या विश्वास काळे यांचं नर्मदा-तापीच्या प्राचीन पुरांवरचं काम शोधून वाचा, म्हणजे भूगोलवाला नदीवर काय करू शकतो ते कळेल.

नेटवाली:
भूगोल घेणार असाल तर एमए नको, एमएस्सी घ्या. नेट म्हणजे संशोधनवृत्ती आणि प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा. सीएसआयआर नेटच्या अर्थ सायन्सेसला एमएस्सी किंवा समकक्ष पदवी मागतात, आणि त्या पेपरात फिजिकल जिऑग्राफीचा स्वतंत्र भाग आहे. यूजीसी नेट भूगोल त्याशिवाय देता येतेच. म्हणजे एका पदवीवर दोन दारं उघडी राहतात. फरक एवढाच की यूजीसी नेटला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, सीएसआयआरला कापतात. दोन्हींची तयारी एकाच सवयीने केली तर फटका बसतो.

प्रवेशासाठी विद्यापीठाची स्वतःची परीक्षा आहे. बाहेर जायची तयारी असेल तर सीयूईटी-पीजीचा (केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा) भूगोलाचा पेपरही द्या, फक्त तिथे एमए आहे की एमएस्सी ते बघा.

पाणलोट:
डेझर्टेशनबद्दल. विषय आत्ता नको, पण खोरं आत्ताच निवडा. छोटं, आणि पीएमपीने जाता येईल असं. उदाहरणार्थ रामनदी: भूकूमकडून येते, भूगाव, बावधन, पाषाण करत मुळेला मिळते. बावधन-पाषाण सर्व्हे ऑफ इंडियाच्या ४७ एफ/१४ टोपोशीटवर (नकाशावर) सापडेल, उगमाकडचा भाग शेजारच्या शीटवर जातो. १:५०,०००ची शीट, समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने.

क्यूजीआयएसमध्ये (नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) ३० मीटरचा डीईएम, म्हणजे चौकटी-चौकटींत उंची दिलेला डिजिटल नकाशा, घेतलात की आधी तो मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम झोन ४३ उत्तर या प्रक्षेपणात, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये आणा. अक्षांश-रेखांशातच ठेवून उतार काढला तर आडवं अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये असते, मग सगळं खोरं कड्यासारखं उभं दिसतं. त्यानंतर फिल सिंक्स (खड्डे भरणं), फ्लो डायरेक्शन (पाणी कुठे वाहतं), फ्लो अ‍ॅक्युम्युलेशन (एका सेलमध्ये वरच्या किती सेलचं पाणी येतं), आणि शेवटी थ्रेशोल्ड (किती सेलचं पाणी जमलं की ओढा मानायचा).

इथेच बहुतेकांचं गाडं घसरतं. ३० मीटरचा एक सेल म्हणजे ९०० चौरस मीटर. थ्रेशोल्ड १०० ठेवला तर ०.०९ चौरस किलोमीटर पाणलोटानंतर ओढा सुरू होतो, ५०० ठेवला तर ०.४५ नंतर. म्हणजे तेच खोरं, तोच डीईएम, पण एकाला पाचव्या ऑर्डरची (ओढे एकमेकांना मिळत जातात तशी चढणारी श्रेणी) नदी मिळते, दुसऱ्याला चौथ्या. द्विशाखन गुणोत्तरही (एका ऑर्डरच्या ओढ्यांची संख्या भागिले वरच्या ऑर्डरची) बदलतं. व्हायव्हात 'हा आकडा का?' असं विचारलं की उत्तर नसतं. दोन-तीन थ्रेशोल्ड लावून बघा, शीटवरच्या निळ्या रेषांशी सगळ्यात जास्त जुळेल तो ठेवा आणि तसं लिहा.

टोपोशीट_पुणे:
पाषाण तलावावर ओढे एकदम सरळ समांतर रेघांसारखे येताहेत. डीईएम खराब आहे का?

पाणलोट:
नाही. तलावाचा पृष्ठभाग सपाट असतो, आणि फिल सिंक्स खोलगट जागाही भरून सपाट करतं. मग उतार उरत नाही आणि प्रोग्रॅम सरळ रेघ मारतो. शहरात इमारती आणि पुलांच्या भरावामुळेही असंच फसतं. शीटवरून नदी डिजिटाइझ करून ती डीईएममध्ये काही मीटर खोल कोरा आणि पुन्हा चालवा. पात्राचे आडवे छेद मात्र एप्रिल-मेमध्येच घ्या. जून उजाडला की पात्रात मोजणीची पट्टी (स्टाफ) धरून उभं राहता येणार नाही.